आधी हात बघ, मग फॉर्म भर

«मॅडम, मी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात आमच्या ओपीडीत चौतीस वर्षांच्या एक बाई आल्या. पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटतात. आठ महिन्यांतली ही त्यांची पाचवी खेप. आधीच्या चार केसपेपरांवर चार वेगळी अक्षरं आणि औषधं तीच: दुखण्याची गोळी, ॲसिडिटीची गोळी, कॅल्शियम. दुसऱ्या पेपरावर रक्ताच्या रिपोर्टवरून 'आरए फॅक्टर निगेटिव्ह, संधिवात नाही' असं लिहिलेलं. तिसऱ्या पेपरावरचं अक्षर माझं होतं. या वेळी आमच्या लेक्चरर सरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि मनगट सुजलेलं मला दाखवलं. संधिवाताच्या रक्तचाचणीत अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आला. एक्स-रेत हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसतेय. आता एचओडींनी (विभागप्रमुखांनी) दर गुरुवारचं थर्ड इयरच्या मुलांचं क्लिनिक माझ्याकडे दिलंय आणि 'सांधे घे' म्हणालेत. मलाच जे येत नाही ते मी काय शिकवू? रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांच्या आजारांचे तज्ज्ञ, आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतात. एमबीबीएसला या विषयाची दोनच लेक्चर्स झाल्याचं आठवतंय, त्यातलं एक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. सुरुवात कुठून करू?»
— तिसरा केसपेपर, मुंबई

तिसऱ्या केसपेपरा,

सही म्हणून तूच हे नाव निवडलंस, म्हणून मीही तेच वापरते. बाकीच्या तिघांपैकी किती जणांनी आपलं अक्षर ओळखून तसं कबूल केलं असतं, कुणास ठाऊक.

आधी माझा पेपर दाखवते. १९८२ साली मी रेसिडेंट होते. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि नंतर वर्षभर आमच्या ओपीडीत संपातली माणसं यायची, कुणी खोकला घेऊन, कुणी नुसती झोप उडाली म्हणून. त्यात साच्यावर काम करणारा तेविसेक वर्षांचा एक मुलगा होता. म्हणाला, "बाई, कंबर धरते. कामावर होतो तेव्हा बरी होती, घरी बसल्यापासून वाढली. पहाटे चारला जाग येते, चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारतो, मग मोकळी होते." मी काय केलं? एक्स-रे नॉर्मल वाचला, दुखण्याची गोळी दिली आणि तीन आठवडे फळीवर झोपून पूर्ण आराम करायला सांगितलं. माझ्या वरिष्ठांनी लांबूनच मान हलवून 'संपाचं टेन्शन' असं निदान करून टाकलं.

सहा वर्षांनी तो परत आला तेव्हा मी लेक्चरर झाले होते. त्याला मान वर करून माझ्याकडे बघता येत नव्हतं. कुणी हाक मारली की सगळाच्या सगळा वळायचा. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, मणके हळूहळू जोडले जाऊन पाठ ताठ होण्याचा आजार. तरुण वय, आरामानं वाढणारी आणि हालचालीनं सुटणारी कंबर, पहाटेची जाग. पुस्तकातला अख्खा उतारा त्यानं पहिल्याच दिवशी मला म्हणून दाखवला होता. उतारा मी वाचलेला होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण कुणा माणसाच्या तोंडून, त्याच्या भाषेत कधी ऐकला नव्हता, म्हणून कानावर पडूनही ओळखू आला नाही. वर मी त्याला आराम सांगितला, म्हणजे नेमकं उलटं.

तुमच्या चौघांचं याहून वेगळं काही झालेलं नाही. सकाळच्या ओपीडीत बाहेर रांग जिन्यापर्यंत, टेबलाच्या पलीकडून बाई म्हणतात 'हात दुखतात', आणि तुमचा हात आपोआप लॅबच्या फॉर्मकडे जातो. आरए फॅक्टरवर टिक करायला एक सेकंद लागतो, मनगट धरायला एक मिनिट. शिवाय टिक केली की आपण काहीतरी केल्यासारखं वाटतं.

आता त्या टिकेचं काय होतं ते बघ. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे तुझ्या बाईंना असलेला सांधे सुजवणारा संधिवात, झालेल्या शंभर जणांत साधारण तीस जणांचा हा फॅक्टर निगेटिव्ह असतो, आणि आजार नवा असताना त्याहून जास्त जणांचा. उलट बाजूला, अगदी ठणठणीत माणसांतही शंभरात चार-पाच जणांचा पॉझिटिव्ह येतो, वय वाढेल तसा अधिक. टीबी, कुष्ठरोग, हेपटायटिस सी, हृदयाच्या झडपांचं इन्फेक्शन, यांतही येतो. म्हणजे ज्यांना आजार आहे त्यांना आपण 'नाही' सांगून घरी पाठवतो आणि ज्यांचे गुडघे नुसते वयानं झिजलेत त्या आजींना 'वाताचा रिपोर्ट आला' म्हणून घाबरवतो. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आला तर त्यावर बराच विश्वास ठेवता येतो, पण तोही शंभरातल्या तीसेक रुग्णांत निगेटिव्हच असतो. तुझ्या बाईंचा तो आला हे तुझं नशीब. आला नसता तरी मनगट सुजलेलंच होतं ना?

याच जातीची आणखी एक सवय आहे, ती तू तुझ्या वॉर्डातही पाहिली असशील. कुणा पोरीचे सांधे दुखतात, एएसओ थोडा वाढलेला सापडतो आणि वर्षानुवर्षं दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू होतं. का, तर 'ऱ्हुमॅटिक' हा शब्द संधिवातातही आहे आणि ज्याला हे इंजेक्शन लागतं त्या ऱ्हुमॅटिक तापातही! एएसओ म्हणजे घशात कधीतरी स्ट्रेप्टोकॉकस येऊन गेला, एवढंच. युरिक ॲसिडचंही तसंच. वाढलंय म्हणून गाउट (त्याचे खडे सांध्यात साचून ठणकणारा आजार) होत नाही, आणि गाउटच्या ऐन ठणक्यात ते नॉर्मल सापडू शकतं. गुरुवारच्या मुलांना या रिपोर्टांबद्दल पहिले तीन आठवडे एक अक्षरही सांगू नकोस. फॉर्म दिसला की हात थांबतो.

पहिला गुरुवार. रुग्ण बोलावूच नकोस. दहा-बारा मुलं असतील, त्यांच्या जोड्या लाव आणि एकमेकांचे हात तपासायला सांग. निरोगी सांधा कसा लागतो हे बोटांना माहीतच नसेल तर सुजलेला कसा कळणार? आधी मूठ वळायला लाव. मुठीवर चार टेकड्या दिसतात आणि त्यांच्या मधे तीन दऱ्या. सूज आली की आधी दऱ्या बुजतात. हे एकदा डोळ्यांत बसलं की लोकलमध्ये समोर दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हातातही दिसायला लागतं (मला अजून दिसतं, उतरेपर्यंत अस्वस्थ होते).

मग बोटाचा मधला सांधा. एका हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं तो दोन्ही बाजूंनी धरायचा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं वरून-खालून. एका जोडीनं हलकेच दाबायचं, दुसऱ्या जोडीनं काय होतं ते ऐकायचं. हो, ऐकायचंच म्हणते मी. आत पाणी किंवा सुजलेलं अस्तर असेल तर दुसऱ्या बोटांखाली काहीतरी उचललं जातं. मुरलेल्या कणकेत बोट दाबल्यावर जसं लागतं तसं, मऊ आणि किंचित परत येणारं. वयानं झिजलेल्या सांध्याची गाठ मात्र सुपारीसारखी लागते, आणि ती बहुतेक वेळा नखाजवळच्या सांध्यावर असते. ऱ्हुमॅटॉइड हा नखाजवळचा सांधा सहसा सोडून देतो. मनगट, मुठीच्या टेकड्या आणि मधले सांधे धरतो. नखाजवळचाही सांधा मऊ सुजलेला दिसला तर नखं बघायची, त्यांवर शिलाईच्या अंगठीसारखे बारीक खड्डे असले तर सोरायसिस कुठं लपलाय ते शोधायचं: कानामागे, केसांत, बेंबीत.

किती जोरानं दाबायचं हे प्रत्येक मुलगा विचारेल. तपासणाऱ्याच्या स्वतःच्या नखाचा रंग पांढुरका होईल इतकं, त्याहून जास्त नाही. आणि दाबताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर. आपल्या बायका 'नाही हो डॉक्टर, एवढं काही नाही' म्हणत असतात आणि भुवई सगळं सांगून टाकते.

दुसऱ्या गुरुवारपासून रुग्ण. 'चांगली केस' मिळाली तरच क्लिनिक घ्यायचं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. चांगली केस म्हणजे काय, तर हंसाच्या मानेसारखी वळलेली बोटं, पुस्तकातल्या फोटोसारखी! ती बोटं वळली तेव्हा उशीर होऊन गेलेला होता. मुलांना तोच फोटो दाखवत राहिलं की त्यांच्या मनात आजार म्हणजे वाकडी बोटं, आणि सरळ बोटांच्या, आठ महिन्यांपासून सकाळी मूठ न वळणाऱ्या बाईंना ते कॅल्शियम देतात. औषध पहिल्या तीनेक महिन्यांत सुरू झालं तर हाड वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून वाकडी बोटं शेवटी दाखव. आधी सहा आठवड्यांची सूज दाखव.

अशी सूज मिळेल कुठं? तुझ्याच इमारतीत, दुसऱ्यांच्या ओपीडीत. ऑर्थोपेडिक्सच्या रांगेत, फिजिओथेरपीत, स्किनमध्ये ल्युपस आणि सोरायसिस, डोळ्यांच्या विभागात लाल डोळा घेऊन आलेला तरुण, ज्याला कंबरेबद्दल कुणी विचारलेलंच नाही. गायनॅकमध्ये तीन वेळा गर्भ पडलेली मुलगी, कारण तेही ल्युपससारख्या आजाराचं लक्षण असू शकतं. पावसाळा संपता संपता चिकुनगुन्याचे सांधे येतात, ताप जाऊन दोन-तीन महिने झालेले आणि हात हुबेहूब ऱ्हुमॅटॉइडसारखे. तो हंगाम वाया घालवू नकोस, पण मुलांना तापाची तारीख विचारायला लाव. या सगळ्या ठिकाणच्या रेसिडेंटना फोन करायचा तर हॉस्टेलच्या मेसमध्ये ओळखी असाव्या लागतात. तेवढ्या तुझ्या असतीलच.

आणि टाइमटेबलात जागा नाही असं एचओडी म्हणाले तर जागा मागूच नकोस. मेडिसिनच्या क्लिनिकात प्रत्येक रुग्णाचा हात मुलं धरतातच, क्लबिंग, म्हणजे नखांचा फुगीरपणा, बघायला. मग नखापाशीच का थांबायचं? तिथून तीन इंच वर सरकलं की सांध्यांची तपासणी होते. दम्याचा रुग्ण असो नाहीतर पॅरालिसिसचा, अर्ध्या मिनिटाचं काम.

त्याला तीन प्रश्न जोड. १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या मायकेल डोहर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाल, हात, पाय आणि पाठ यांची एक झटपट तपासणी बसवली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला गाल्स म्हणतात. तिचे प्रश्न एवढेच: स्नायू, सांधे किंवा पाठ दुखते वा आखडते का? कपडे स्वतःचे स्वतः पूर्ण घालता येतात का? जिना विनात्रास चढता-उतरता येतो का? लहान मुलांसाठी हीच पद्धत हेलन फॉस्टर यांनी २००६ मध्ये बेतून दिली. तुझ्या पोरांना पेडियाट्रिक्सच्या पोस्टिंगला जाण्याआधी ती शिकव, कारण चार वर्षांचं पोर सांधा दुखतो म्हणून सांगत नाही, ते फक्त पळायचं थांबतं आणि कडेवर घे म्हणतं.

पण हे प्रश्न आपल्या रुग्णांच्या भाषेत आणायला हवेत, आणि खरी शिकवणी इथंच आहे. 'मॉर्निंग स्टिफनेस आहे का' याचं 'सकाळी कडकपणा असतो का' असं भाषांतर मी स्वतः ऐकलंय. बाई म्हणाल्या, 'नाही, तसा स्वभाव नाही हो माझा.' हसू नकोस. पेपरावर 'स्टिफनेस निगेटिव्ह' लिहिलं गेलं होतं.

विचारायचं असं: उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो? पाणी भरून होईपर्यंत? मुलांचे डबे भरून होईपर्यंत? आमच्या बायका घड्याळ बघत नाहीत, कामं मोजतात, आणि कामांवरून तुला मिनिटं बरोबर काढता येतात. कपड्यांचं विचारताना ब्लाउजची हुकं, परकराची नाडी, केसांचा आंबाडा. बांगड्या कधीपासून चढेनाशा झाल्या. पुरुषांना शर्टाचं वरचं बटण, डब्याचं घट्ट झाकण. जिन्याच्या जागी स्टेशनचा पूल. आणि एक प्रश्न आपला घरचा: खाली बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो का? त्यात गुडघेही कळतात आणि मांडीच्या स्नायूंची ताकदही.

'वात' या शब्दापासून मात्र जपून. आपल्याकडे वात म्हणजे काहीही. गुडघा झिजला तरी वात, पायाला गोळा आला तरी वात, सुनेचं पटत नसलं तरी सासूला वात. 'वात आहे का' असं विचारलंस की उत्तर 'हो' येणार आणि तुझ्या पदरात काही पडणार नाही. तुझ्या युनिटात महाराष्ट्राबाहेरून आलेले रेसिडेंट असतीलच. त्यांच्यासाठी दहा वाक्यांचं कार्ड देवनागरीत करून ओपीडीच्या टेबलाच्या काचेखाली सरकव. त्यांना ते व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगी पडेल, आणि तेही तुला हिंदीतली, तेलुगूतली चार वाक्यं देतील.

रुग्णाला क्लिनिकात आणताना काही पथ्यं. बारा जणांनी एक सुजलेलं मनगट दाबलं तर ते शिकणं नाही, छळ आहे. एका हाताला तीन विद्यार्थी, बाकीच्यांनी बघायचं. हात धुऊन आणि ऊबदार करून. आधी परवानगी, आणि 'नाही' म्हणायला वाव राहील अशा शब्दांत. येण्या-जाण्याचे पैसे आणि चहा युनिटनं द्यायचा. परदेशात काही ठिकाणी आजार आटोक्यात असलेले रुग्णच प्रशिक्षण घेऊन विद्यार्थ्यांना सांधे तपासायला शिकवतात. 'इथं नाही, जरा खाली दाब, हं, आता लागलं' असं रुग्णानं सांगितलेलं पोरं जन्मात विसरत नाहीत. तुला प्रशिक्षण-बिशिक्षण लागणार नाही. बोलक्या, ठसकेबाज दोन बाई शोध, पुष्कळ आहेत.

आता तुझं स्वतःचं. रुमॅटॉलॉजिस्ट आठवड्यातून एकदा येतात ही तक्रार तू केलीस. मला ती चैन वाटते. आमच्या वेळी कुणीच यायचं नाही. त्यांच्याकडे लेक्चर मागू नकोस, स्लाइड्स मागू नकोस (सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या उजळणी व्याख्यानांत, स्लाइडचे फोटो काढून मोबाइल भरलेले शेकडो डॉक्टर मला माहीत आहेत, त्यातला एक फोटो पुन्हा उघडलेला मी पाहिला नाही). त्यांच्या ओपीडीत अर्धा दिवस बस आणि एकच गोष्ट कर. त्यांच्या आधी तू रुग्णाचे अठ्ठावीस सांधे मोज: दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, मुठीचे दहा, बोटांचे दहा, दोन गुडघे. किती दुखरे, किती सुजलेले, हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी उलटी ठेव. मग ते मोजतील. मग चिठ्ठी उलट. पहिल्या दिवशी तुझे अकरा आणि त्यांचे चार निघतील, किंवा बरोबर उलटं. कुठल्या सांध्यावर फरक पडला तो पुन्हा दोघांनी दाबून बघायचा. सात-आठ बैठकांत आकडे जवळ येऊ लागतात. आणि या अठ्ठाविसात पाय नाहीत, हे लक्षात ठेव. पुष्कळांचा आजार चवड्यांपासून सुरू होतो. म्हणून चपला काढायला सांग, रांग कितीही असो.

सुईची भीती वाटत असेल तर तीही काढ. एकच सांधा लाल, गरम, टम्म फुगलेला आला तर तो पू आहे असं धरून चालायचं आणि अँटिबायोटिकच्या आधी पाणी काढून ग्राम स्टेन, कल्चर, पेशी आणि क्रिस्टल यांसाठी पाठवायचं. ही गोष्ट उद्यावर जात नाही. एकच गुडघा महिनोन् महिने सुजलेला असेल तर आपल्या शहरात टीबी डोक्यात यायलाच हवा. इंटर्न मुलांना एवढी दोन वाक्यं आली तरी मी समाधानी.

औषधांत एकाच गोष्टीवर वेळ घालव: मेथोट्रेक्सेट, ऱ्हुमॅटॉइडची मुख्य गोळी. आठवड्यातून एकदा. ही गोळी रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावतो. आणि ती रोज घेतली जाते ती आपल्या अक्षरामुळं. सोबत फॉलिक ॲसिड असतं, बरेचदा दोन्ही गोळ्या पिवळ्या, लहान. 'आठवड्यातून एकदा' असंही पुरत नाही. वाराचं नाव हवं, मराठीत, मोठ्या अक्षरात. मी बरीच वर्षं 'मेथोट्रेक्सेट, मंगळवार' असं शिकवायचे, म ला म म्हणून. एकदा प्रभादेवीच्या एक बाई म्हणाल्या, "डॉक्टर, मंगळवारी माझा उपास असतो, रिकाम्या पोटी कशी घेऊ? मी चार महिने घेतलीच नाही." चार महिने मी डोस वाढवायचा विचार करत होते! तेव्हापासून वार रुग्णच ठरवतो, मी फक्त लिहिते. मुलांकडून एकमेकांसाठी असा कागद लिहवून घे आणि तो हॉस्टेलच्या मेसमधल्या कुणाला तरी वाचायला दे. त्याला कळला तर पास. तरुण मुलींच्या बाबतीत लग्नाचं, मुलाचं काय ठरतंय हे गोळी लिहिण्याआधी विचारायचं, कारण गर्भाला ती घातक आहे. सासू शेजारी बसलेली असताना हे विचारता येत नाही. तिला बाहेर बसवायचं कसं, हेही शिकवण्यासारखंच कौशल्य आहे.

परीक्षेचा विषय काढते. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात संधिवाताच्या आजारांचा धडा आहे, सांधा तपासण्याचं कौशल्य आहे, कागदावर काही कमी नाही. पण मुलं लॉन्ग केसला, म्हणजे परीक्षेत सविस्तर तपासायला दिलेल्या रुग्णात, काय येतं ते ओळखून असतात: हृदय, छाती, पोट, मेंदू. जे विचारलं जात नाही ते वाचलं जात नाही. तू रेसिडेंट आहेस, युनिव्हर्सिटीची परीक्षा बदलणं तुझ्या हातात नाही. टर्मच्या परीक्षेत पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकाचं एक स्टेशन मात्र मागता येईल, 'या बाईंचे दोन्ही हात तपासा', बास. ते स्टेशन लावायची तयारी तू दाखवलीस तर कुठलाही एचओडी नाही म्हणणार नाही, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नको असतं.

कुणी म्हणालं की एवढ्या दुर्मीळ आजारांसाठी कशाला, तर त्याला भिगवण सांग. पुणे जिल्ह्यातलं ते गाव, जिथं आता लोक फ्लेमिंगो बघायला जातात. तिथं १९९६ पासून पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. शंभरात अठरा माणसांना स्नायू-सांध्यांचं काही ना काही दुखणं सापडलं आणि दोनशेत एकाला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. दोनशेत एक म्हणजे एका भरलेल्या लोकलच्या डब्यात एक. एमडीत तीन महिने तुला जिल्हा रुग्णालयात काढायचे आहेतच. तिथं अँटी-सीसीपी मिळेल का, याची खात्री नाही. बोटं सोबत असतील.

शेवटचं, तुमच्या चार पेपरांचं. चारही जणांनी एकेकदा चूक केली हे खरं, पण पाचव्या भेटीपर्यंत कुणालाही आधीच्या भेटीत सांधे कसे होते ते कळायचा मार्गच नव्हता. 'जॉइंट पेन' एवढंच लिहिलेलं. तर शिक्केवाल्याकडून एक रबरी शिक्का करून घे, दोन उघडे पंजे आणि त्यांवर सांध्यांच्या जागी छोटे गोल. ओपीडीत हात दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या केसपेपरावर तो उमटवायचा आणि सुजलेला गोल भरायचा. रेसिडेंट बदलला तरी पुढच्याला चित्र दिसेल. रिकामे गोल समोर असले की ते भरायला हात धरावाच लागतो. स्टॅम्प पॅड निळं घे, काळ्या शाईत भरलेला गोल दिसत नाही. ही चूक मी केलेली आहे.

आणि त्या बाई. त्यांची माफी मागितलीस का, हे तू लिहिलं नाहीस. मागितली नसशील तर आधी ते कर, एकटीनं, विद्यार्थी नसताना. मग काही आठवड्यांनी, औषध लागू पडून त्यांना बरं वाटायला लागलं की गुरुवारी याल का म्हणून विचार. बहुतेक येतील. फक्त तुझं क्लिनिक नऊला सुरू होत असेल तर तो दिवस उशिरा ठेव. पोळ्यांची ऑर्डर अकराच्या आत संपत नाही.